तेहतीस की पंचेचाळीस

लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला वरून कुणी हाक मारली, तर त्याच्या तोंडात आधी शिवी येते. कारण हाक मारणारा दर वेळी "लिफ्ट कधी चालू होणार?" एवढंच विचारायला आलेला असतो. मिस्त्रीच्याही जिभेवर शिवी तयार होती. पण वरून आलेला प्रश्न वेगळाच निघाला.

"काका, 'तिसरा मजला' तुम्ही केलात का?"

"मजले गवंडी करतात," मिस्त्री खालून ओरडला. "मी लिफ्ट करतो."

"तो मजला नाही हो! रेकॉर्ड. 'तिसरा मजला' नावाची रेकॉर्ड!"

मिस्त्रीच्या हातातला पाना निसटला. तो आपल्याच पायावर पडलाय, हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

त्या रेकॉर्डबद्दल कुणी विचारेल ही आशा त्याने कधीच सोडली होती. लग्नाआधी, डोक्यावर भरपूर केस असण्याच्या काळात, त्याने एक अख्खा अल्बम केला होता. सामान म्हणजे ठोके वाजवणारं एक जुनं मशीन आणि एक सिंथेसायझर, ज्याच्या निम्म्या पट्ट्या एकदा दाबल्या की वर यायचं नाव घेत नसत. गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, नुसते ठोके आणि त्यांच्याखाली घुमणारा खर्ज. लोक ज्याला टेक्नो म्हणतात त्यातलाच प्रकार, पण टेक्नोवाल्यांनीही त्याला आपलं म्हटलं नाही. मिस्त्रीने थोड्याशा प्रती छापून घेतल्या, दुकानांत ठेवल्या, आणि पुढे त्या रेकॉर्डचं नाव कुणी काढलं नाही. त्याने स्वतःही नाही.

खड्ड्याच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलेली बाई वयाने त्याच्या भाचीएवढी होती. तिचं रेकॉर्डचं दुकान होतं, आणि विस्मरणात गेलेले इलेक्ट्रॉनिक अल्बम हुडकून ती ते नव्याने छापायची. मिस्त्रीला तिने हुडकलं ते अल्बमच्या कव्हरवरून. कव्हरवर लिफ्टच्या बटणांचा फोटो होता. त्यातलं तीन नंबरचं बटण तुटलेलं, म्हणून तिथे चक्क कोटाचं बटण चिकटवलेलं. तो फोटो घेऊन रेकॉर्डवाली लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांची दारं झिजवत फिरली. शेवटी एका म्हाताऱ्या फोरमनने फोटो पाहून कपाळावर हात मारला आणि म्हणाला, "असले उद्योग करणारा आमच्याकडे एकच होता."

संध्याकाळी ती त्याला दुकानात घेऊन गेली. दुकान पूर्वी चपला-बुटांचं होतं. भिंतींना खाली, गुडघ्याएवढ्या उंचीचे आरसे अजून तसेच होते, म्हणजे आत आलेल्या माणसाला स्वतःचं तोंड कुठे दिसायचं नाही, पाय मात्र चारी बाजूंनी दिसायचे. मिस्त्रीने आपले ग्रीस लागलेले बूट बाकाखाली ओढून घेतले. रेकॉर्डवालीने जुनी, कडा झिजलेली प्रत काढली, फुंकर मारली आणि सुई ठेवली.

मिस्त्रीला आधी वाटलं, हिने भलतीच रेकॉर्ड लावली. मग त्याने आवाज ओळखला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याची रेकॉर्ड पळत होती. शेपटीला आग लागल्यासारखी पळत होती.

यातली गोम अशी. रेकॉर्ड फिरवायचे दोन वेग असतात, हळू म्हणजे तेहतीस आणि जलद म्हणजे पंचेचाळीस. वाजवायच्या मशीनला तसा खटकाच असतो. मिस्त्रीने आपला अल्बम तेहतीससाठी केला होता. पंचेचाळीसवर लावला की तो धावत सुटायचा आणि आवाजही वर चढायचा. कुठला वेग ते लेबलवर छापायची पद्धत आहे, आणि छापणाऱ्याने तेव्हा विचारलंही होतं. पण मिस्त्री पडला कलावंत! त्याने मिजाशीत सांगितलं, "काही छापू नका. ज्याला कान आहेत त्याला कळेल." आता घ्या. कान असलेली माणसं जगात होती, आणि त्या सगळ्यांना पंचेचाळीसच कळलं होतं.

"हा झोका ऐका काका!" रेकॉर्डवाली डोळे मिटून डोलत होती. "एक ठोका जड, दुसरा हलका आणि जरासा उशिरा. किती जणांनी नक्कल करून पाहिली, कुणाला साधली नाही. एकाने तर लिहिलंय की हे करणारा माणूस गणिताचा प्राध्यापक असणार."

"गणितात दोनदा नापास झालोय," मिस्त्री म्हणाला.

"आणि मधला तो थांबा. आता येईल बघा."

ठोके थांबले. घुमणारा खर्जही थांबला. दुकानात शुकशुकाट झाला. रेकॉर्डवालीने दोन्ही हात वर केले आणि श्वास धरून उभी राहिली. ठोके परत सुरू झाले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "नाचणारी सगळी माणसं इथे अशीच उभी राहतात," ती म्हणाली. "कुणी म्हणतं, हा थांबा म्हणजे मरण. कुणी म्हणतं, मरणानंतरचं काहीतरी. तुम्हीच सांगा, काय आहे हे?"

"असंच काहीतरी," मिस्त्री पुटपुटला, आणि त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

का नाही दिली? एक तर तो भुकेला होता. एवढ्या वर्षांनी कुणी ताट वाढलं, तर आत दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक आहे हे कोण सांगत बसेल? ते समजण्यासारखं आहे, आणि तेवढंच असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसलोच नसतो. पण त्याच्या गप्प बसण्याला दुसरं कारण होतं, आणि ते कारण या वेळी घरी त्याची वाट बघत होतं.

मिस्त्रीची बायको चष्म्यांच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. लहानपणच्या आजारपणाने तिचा डावा पाय आखूड राहिला होता, त्या पायातल्या बुटाला जाड तळ असायचा. लग्नाआधी ती दर सुट्टीला मिस्त्रीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीवर यायची. इमारतीची लिफ्ट बंद. मालक नवा सुटा भाग आणून देईना, आणि लिफ्ट-मिस्त्री राहतो त्याच इमारतीची लिफ्ट बंद यावर शेजाऱ्यांचे सगळे विनोद करून झाले होते. ती जिन्याने यायची. मिस्त्री दाराला कान लावून बसायचा. एक पाऊल जड, दुसरं हलकं आणि जरासं उशिरा.

दुसऱ्या मजल्यावर ती पावलं थांबायची. बिचारी दम खात असेल, पाय ठणकत असेल, या विचाराने वर मिस्त्रीच्या जिवाचं पाणी व्हायचं. एकदा न राहवून तो धावत खाली गेला आणि हात धरायला पुढे झाला. तिने असा हात झटकला की पुन्हा तशी छाती झाली नाही. "मला येता येतं वर," ती लालबुंद होऊन म्हणाली होती.

ती परत गेली की खोली खायला उठायची. मग मिस्त्री मशीन पुढ्यात घ्यायचा आणि ती पावलं त्यात भरायला बघायचा. मशीनला सारख्या अंतराचेच ठोके कळत. उशिराचं पाऊल त्याला काही केल्या जमेना. शेवटी तो प्रत्येक हलका ठोका स्वतःच्या बोटाने वाजवत बसला, अख्खा अल्बमभर, बोटाला घट्टा पडेपर्यंत. दुसऱ्या मजल्यावरचा थांबासुद्धा त्याने सोडला नाही.

तिला तो हे सगळं सांगणार होता. छापलेली पहिली रेकॉर्ड हातात घेऊन वाटच बघत होता. पण त्या दिवशी ती वर आली तीच रडून डोळे सुजवून. चष्म्याच्या दुकानात मालकाच्या पुतण्याने, ती काउंटरमागून चालत जाताना, बोटांनी तिच्या पावलांवर ताल धरला होता आणि सगळे हसले होते. "यापुढे माझ्या पावलांवर कुणी ताल धरला ना," ती म्हणाली, "तर त्याची बोटं मोडीन."

मिस्त्रीने रेकॉर्ड हळूच पलंगाखाली सरकवली. "कशी झाली रे तुझी रेकॉर्ड?" तिने नंतर विचारलं, तेव्हा म्हणाला, "नुसता गोंगाट आहे. तुला नाही आवडायचा." तिनेही आग्रह धरला नाही. नवऱ्याच्या संगीताबद्दल तिचं मत पक्कं होतं. वॉशिंग मशीनमध्ये बूट टाकले की असंच वाजतं, असं ती चारचौघांत सांगायची. लग्न झालं, तळमजल्यावरचं घर मिळालं, सिंथेसायझर कुणाला तरी देऊन टाकला. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

आणि आता ही रेकॉर्डवाली! नवी रेकॉर्ड मूळ टेपवरून करायची म्हणाली, म्हणून मिस्त्रीने हत्यारांच्या पेटीच्या तळातून टेप काढून दिली. मनात म्हटलं, बरं झालं, टेप खरं बोलेल, मला काही बोलायला नको. छापण्याआधी एक माणूस टेपवरचा आवाज चकतीवर कोरतो. थोड्या दिवसांनी रेकॉर्डवालीचा फोन आला.

"काका, तुमची टेप जुनी होऊन फारच रेंगाळते म्हणे. पण कोरणारा हुशार आहे. त्याने वेग चढवून पंचेचाळीसवर अगदी जुन्या रेकॉर्डसारखी करून दिली!"

"धन्य आहे," मिस्त्री म्हणाला.

"नमुन्याची प्रत आलीय. रविवारी दुपारी दुकानात या, थोडी मंडळी बोलावलीत. तुम्ही ऐकून हो म्हटलंत की लगेच छपाईला. मग मात्र काही बदलता येणार नाही. आणि काकूंना आणाच."

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर तेहतीसवर लागेल, आणि तेहतीसवर लागली की बायको आपली पावलं ओळखल्याशिवाय राहील? पंचेचाळीसला हो म्हणावं, तर त्याने केलेली रेकॉर्ड कायमची पुरली जाईल. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग त्याने ठरवलं, पंचेचाळीस तर पंचेचाळीस. जे पुरून ठेवलंय त्यावर आणखी थोडी माती.

बायकोला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती हरखून गेली होती. रविवारी तिने ठेवणीतले कपडे काढले, नवऱ्याचा चष्मा स्वतःच्या हातांनी पुसून लखलखीत केला आणि म्हणाली, "चला मिस्त्री, बूट धुतलेले ऐकायला."

दुकान भरलं होतं. पंचविशीतली-तिशीतली माणसं, एक-दोन पिकलेली डोकी. मिस्त्री आत शिरताच टाळ्या झाल्या आणि तो चोरी पकडल्यासारखा कसनुसा हसला. बायको त्याच्याकडे असं बघत होती, जसं तिने लग्नात बघितलं असेल नसेल. मग रेकॉर्डवालीने नमुन्याची प्रत लावली आणि सगळं दुकान उसळलं. गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण आरशांत नुसते पाय होते. बूट, सपाता, अनवाणी पाय, सगळे पळत्या ठोक्यांवर थुईथुई नाचत होते.

"काकू, या ना!" एका पोरीने हात पुढे केला.

"नको गं बाई. हे इंजिन या वेगाचं नाही," बायको हसून म्हणाली आणि बाकावर बसली.

हसली खरी. पण मिस्त्रीची नजर आरशात गेली. बाकाखाली तिचे दोन पाय दिसत होते, एक साधा बूट, एक जाड तळाचा. ते ठोका पकडायला बघत होते. डावा उचलायचा, तोवर ठोका पुढे गेलेला. पुन्हा उचलायचा, पुन्हा चुकायचा. दोन-तीनदा असं झालं आणि मग ते पाय मुकाट्याने बाकाखाली आत गेले.

ते मिस्त्रीला सहन झालं नाही. तिच्याच पावलांवर सगळं दुकान नाचत होतं, आणि ती एकटी बाहेर बसली होती, आणि हे त्यानेच केलं होतं. तो गर्दीतून वाट काढत मशीनपाशी गेला आणि खटका तेहतीसवर ओढला.

आवाज धपकन खाली बसला. "लाइट गेली का?" कुणीतरी ओरडलं. नाचणारे पाय हवेत अडकले. रेकॉर्डवाली धावत आली, तर मिस्त्री आडवा आला. "राहू दे," तो म्हणाला. "हाच वेग आहे. मी हाच केला होता."

दुकानात आता कुणीतरी जिना चढत होतं. जड, आणि जरा उशिरा हलकं. जड, आणि जरा उशिरा हलकं. बायकोचा पाय बाकाखालून बाहेर आला आणि तिने न सांगताच ठोक्यावर पडला. दुसराही पडला. मग ती एकदम थिजली. तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मिस्त्री तिच्या शेजारी जाऊन बसला.

"हा आपला जुना जिना आहे," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो."

"आणि ही मी."

"हो."

"म्हणजे तूही ताल धरलास माझ्यावर."

"सांगणार होतो. त्याच दिवशी तू त्या पुतण्याची बोटं मोडायला निघाली होतीस."

"त्याने हसण्यासाठी धरला. तू कशासाठी?"

मिस्त्रीला बोलता येत नाही. येत असतं तर त्याने शब्दांची गाणी केली असती. पण आज तो बोलला. "आठवडाभर तोच आवाज ऐकायची वाट बघायचो गं. तू गेलीस की खोलीत काही उरायचं नाही. म्हणून मशीनमध्ये भरून ठेवला. दुसरं काही भरण्यासारखं माझ्याकडे नव्हतं."

"मग एवढी वर्षं लपवलंस का? लाज वाटत होती माझी?"

"तुझी लाज? अगं, भीती वाटत होती. वाटलं, ऐकशील आणि जिना उतरून जाशील ती परत येणार नाहीस."

तेवढ्यात थांबा आला. ठोके थांबले, खर्ज थांबला. मंडळींना नव्या वेगाचं काही उमजलं नव्हतं, तरी सवयीने सगळ्यांचे हात वर गेले. तेहतीसवर तो थांबा चांगलाच लांब होता. त्या शांततेत मिस्त्री तिच्या कानाशी लागला.

"इथे तू दम खायचीस. दुसऱ्या मजल्यावर. तुझा पाय दुखत असेल म्हणून मी वर नुसता तळमळायचो."

बायकोने त्याच्याकडे वळून पाहिलं. "दम? कसला दम?"

"थांबायचीस ना तू."

"अरे वेड्या," ती म्हणाली, आणि दुकानात चिडीचूप असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "दुसऱ्या मजल्यावर खिडकीला काच होती. तुझ्या खोलीत आरसा होता का कधी? वर यायच्या आधी मी केस नीट करायचे. आणि तू मेल्या एकदा नेमका तेव्हाच तडमडलास, मी पिना तोंडात धरलेल्या असताना! कशाबशा मुठीत लपवल्या!"

ठोके पुन्हा सुरू झाले. वर गेलेले हात खाली यायचं विसरले. आधी ती पोरगी हसली, मग रेकॉर्डवाली, मग सगळं दुकान. मिस्त्रीला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं.

"काका," रेकॉर्डवालीने डोळे पुसत विचारलं, "मग लेबलवर काय छापू?"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं.

"तेहतीस," बायको म्हणाली. "मोठ्या आकड्यांत. लोकांच्या कानांवर सोडायला जाऊ नका, बघितलंत ना काय झालं ते. आणि आता पहिल्यापासून लाव बघू."

रेकॉर्ड पहिल्यापासून लागली. बायको उठली आणि नवऱ्याचा हात धरून मधोमध जाऊन उभी राहिली. जड, आणि जरा उशिरा हलकं. तिला काही शिकायचं नव्हतं. शिकायचं होतं ते इतरांना. मंडळी आरशात तिच्या पायांकडे बघून पावलं टाकू लागली आणि धडाधड चुकू लागली. "उशिरा रे, उशिरा! डाव्याला घाई करू नका," ती त्यांना दटावत होती. मिस्त्रीलाही ते जमलं नाही. ठोके त्याने स्वतःच्या बोटाने वाजवलेले, पण पायांनी तो दर वेळी लवकरच पोचत होता.

मग थांबा आला. सगळे जागच्या जागी उभे राहिले. दुकानात आरसे भरपूर होते, पण ते पायांचे. बायकोने नवऱ्याची हनुवटी धरून त्याचं तोंड जरा उजेडाकडे वळवलं, त्याच्या चष्म्याच्या काचेत बघितलं आणि कानामागची बट नीट केली. मिस्त्री डोळ्यांची पापणीसुद्धा न हलवता उभा राहिला.

"झालं," ती म्हणाली. "आता येते वर."